भरदुपारची कासवीण

शेलूबाजारच्या चौफुलीवर विजयमालाची खानावळ होती. वाशीम, अकोला, कारंजा, जिकडे जायचं तिकडची जीप तिच्या दारावरूनच सुटायची. लोक यायचे, तिच्या हातची भाकर-भाजी खायचे, घटाघटा पाणी प्यायचे आणि निघून जायचे. वीस वर्षं तिनं जाणाऱ्यांच्या पाठी पाहिल्या. स्वतः मात्र ती शेगावच्या पुढं कधी गेली नव्हती.

तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत गोपीचंद होता. जवळच्याच खेड्यातला पोरगा, पण सेशेल्स नावाच्या बेटांवर हॉटेलं बांधणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर झालेला. सुट्टीवर आला की जेवायला इथंच. यंदा वांग्याच्या भाजीची ताटली भाकरीनं पुसता पुसता तो म्हणाला, "काकू, आमच्या कॅम्पवर शंभराच्या वर मानसं हायेत अन् स्वयंपाकी टिकून नाई राह्यला. चालता काय?"

तो थट्टेनंच म्हणाला होता. विजयमालानं ते थट्टेवारी नेलं नाही.

"बेट म्हन्जे काय रे बाबू?"

"मधात जमीन, चहूकडून पानी."

"किती पानी?"

गोपीचंद घास हातात धरून विचार करत राहिला. "काकू, दिसते तिथवर. अन् मंग त्याच्याबी पुढं."

घरी येऊन तिनं नवऱ्याला, जानरावांना सांगितलं. जानराव चार एकर राबणारा, कमी बोलणारा माणूस. ते आधी हसले, मग बायकोच्या चेहऱ्याकडं पाहून हसायचे थांबले.

"आपल्याले काय कमी हाये?"

"कमी काई नाई. मले पाहा लागते."

"काय पाहा लागते?"

तिनं पाणी दाखवायला दोन्ही हात पसरले. जानराव उठले. "लोक म्हनतीन, जानरावनं बायकोले समुद्रापार भाकरी थापाले धाडलं."

"इथी चौफुलीवर थापून राह्यली, तवा कोनी काई म्हनत नाई काय?"

त्यावर जानराव जे गप्प झाले ते झालेच. अकोल्याला शिकणारा मुलगा प्रज्वल आईच्या बाजूनं उभा राहिला. पासपोर्ट आला, व्हिसा आला, दोन वर्षांचा करार झाला. पोळा झाला आणि ती निघाली. जानरावांनी तिची बॅग जीपच्या टपावर चढवून दोरीनं आवळून बांधली, दोनदा ओढून पाहिली, आणि जीप सुटायची वाट न पाहता सोयाबीनच्या वावराकडं चालू लागले.

मुंबईहून विमान निघालं तेव्हा गोपीचंद शेजारच्या खुर्चीवर होता. विजयमाला खिडकीला डोकं टेकून बसली. जमीन संपली आणि खाली निळंच निळं सुरू झालं.

"बाबू, आभाळ खालतंबी हाये काय?"

"काकू, थो समुद्र हाये."

तिनं आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कारंज्याजवळचं अडाण धरण. ती ह्या पाण्याचा काठ शोधू लागली. जेवण आलं, ताटं गेली, गोपीचंद झोपून उठला, तरी काठ काही येईना. तेव्हा कुठं तिचे हात आपोआप जोडले गेले. एवढं पाणी आपल्या जन्माच्या आधीपासून इथंच होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, ह्याचंच तिला नवल वाटत राहिलं.

बेटावरचं ऊन मात्र ओळखीचं निघालं. कॅम्पवरची माणसं उन्हाच्या नावानं बोटं मोडायची. हिला ते वैशाखातल्या आपल्या अंगणासारखं वाटायचं. पत्र्याच्या शेडमध्ये चुली नव्हत्या, मोठ्या शेगड्या होत्या. ज्वारी मिळत नव्हती. तिनं कणकेवर भागवलं, पण तिखट घरचं नेलं होतं. पहिल्या दिवशी बिहारचे, आंध्रचे, यवतमाळचे गडी पंगतीला बसले आणि कुणी बोलेना. ती घाबरली. मग यवतमाळचा एक जण नाक पुसत म्हणाला, "माय, अजून थोडा रस्सा वाढ." तिचा जीव भांड्यात पडला.

प्रज्वल घरी असला की व्हिडिओ कॉल लावायचा. पडद्यावर अंगण दिसायचं, तुरीचं हिरवं दिसायचं, आणि मागून जानरावांचे नुसते पाय जाताना दिसायचे.

"बाबा, बोला ना आईसोबत."

"काम हाये मले."

पाय निघून जायचे. विजयमाला म्हणायची, "राहू दे रे," आणि दुसरं काहीतरी विचारायची.

दिवाळी सरल्यावरची एक दुपार. जेवणं आटोपली, पातेली घासून उपडी घातली, आणि ती शेडमागच्या वाळूवर, बदामाच्या झाडाखाली टेकली. लाटेच्या कडेला एक काळपट दगड होता. तो पुढं सरकला.

तिनं डोळे चोळले. दगडाला मान होती. परातीएवढ्या पाठीचं एक कासव पाण्यातून बाहेर येऊन वाळू चढत होतं. दोन पावलं ओढायचं, थांबायचं, श्वास टाकायचं. तो श्वास तिला एवढ्या लांबून ऐकू आला, थकलेल्या बाईचा असावा तसा.

तेवढ्यात झाडीतून ओदेत आली. ओदेत म्हणजे किनाऱ्यावर कासवं राखणारी बेटावरचीच बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण रोज हात हलवण्याइतकी ओळख होती. ओदेतनं ओठांवर बोट ठेवलं, तिला हाताला धरून कासवाच्या मागच्या अंगाला नेलं आणि खाली बसवलं. मग स्वतःच्या पोटावरून हात फिरवून दाखवला. विजयमालाला कळलं.

कासवीण झुडपाच्या सावलीपाशी आली आणि मागच्या पायांनी खड्डा करू लागली. मागं वळून एकदाही पाहिलं नाही. एक पाय ओंजळीसारखा वळायचा, वाळू अलगद वर आणून बाजूला ठेवायचा, मग दुसरा. हे कुणी शिकवलं हिला? विजयमालानं फोन काढून ओदेतकडं पाहिलं. ओदेतनं आवाज न करण्याची खूण करून मान डोलावली.

प्रज्वलनं फोन उचलला. ती कुजबुजली, "तुह्या बाबाले दे. आत्ताच्या आत्ता दे."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, जानरावांनी फोन घेतला. दोन महिन्यांनी तिला त्यांचं तोंड दिसलं. उन्हानं रापलेलं, दाढी वाढलेली. तिनं फोन फिरवला.

अंडी पडू लागली होती. पांढरी, गोल, ओलसर. एक, मग दोन, मग जरा दम खाऊन पुन्हा. कासविणीच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती, त्या धारेला वाळू चिकटत होती.

फोनमधून जानराव हळूच म्हणाले, "रडून राह्यली काय थे?"

"ठाऊक नाई. मोकळी होऊन राह्यली."

"देवळात आपन ज्याले पाय लागू देत नाई..."

"थेच. जितं."

जानरावांनी डोक्यावरची टोपी काढलेली तिच्या कानांनाच जाणवली. ते देवापुढं टोपी काढताना घसा खाकरायचे, तसेच खाकरले. "कीर्तनात सांगत, कासवीन पिल्लाले दूध पाजत नाई. दुरून नजर ठेवते अन् थे वाढते. मले खोटं वाटे."

विजयमालानं फोन आणखी जवळ धरला.

कासविणीनं खड्डा बुजवला, पोटानं वाळू दाबली, वर भुरभुर उडवून जागा अशी करून टाकली की शेजारी बसलेल्या माणसालाही पुन्हा सापडू नये. मग ती वळली. जमिनीवर तिला आपलंच अंग जड झालं होतं. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटत गेला. पहिली लाट आली, पाठ ओली झाली. दुसरीनं तिला उचललं. आणि इतका वेळ फरफटणारं ते जनावर पाण्यात घारीसारखं तरंगलं, पंख पसरावे तसे पाय पसरून एका क्षणात खोल निळ्यात गेलं.

"गेली?" जानराव म्हणाले.

"गेली."

"एवढ्या पान्यात एकटी?"

"हो. एकटी."

ओदेतचे डोळे भरले होते. ती हे कितीतरी वेळा पाहत आलेली बाई, तरी भरले होते. तिनं विजयमालाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

त्या रात्री गड्यांना जेवायला उशीर झाला. कुणी कुरकुरलं नाही, कारण वाढता वाढता विजयमाला सांगत होती आणि लोक घास विसरून ऐकत होते. गोपीचंद म्हणाला, "काकू, मी इथी किती सालापासून हावो, कधी पाह्यलं नाई." दुसऱ्या दिवशी दुपारी तो बदामाखाली येऊन बसला.

चार दिवसांनी फोन वाजला. ह्या खेपेला लावणारे जानरावच होते, आणि मागं चौफुलीवरच्या जीपवाल्यांचा कल्ला होता.

"हे पोट्टे मानून नाई राह्यले. कासविनीचं तूच सांग यायले."

तिनं पुन्हा सगळं सांगितलं. तिकडचा कल्ला हळूहळू थांबला. सांगून झाल्यावर जानराव फोन घेऊन बाजूला गेले असावेत; आवाज एकदम जवळ आला.

"पासपोर्टच्या फोटोले पांढरा सदरा चालते काय?"

विजयमालानं हातातली कणीक खाली ठेवली.

"पांढरा नोका घालू. मागचा पडदाच पांढरा राह्यते," ती म्हणाली. "थो निळा घाला. अन् दाढी करून जा."