फिरकीच्या तांब्यातला मठ्ठा

“सूनबाई, याच्या पोटातली कल्हई गेली पाय. यात आंबट ठेवजो नको. कळकते.”

धुरपताबाईने मला उलटं करून माझं पोट सुनेला दाखवलं. कमला तेव्हा पेटीत बाळाचे लंगोट भरत होती. “आई, पाण्यापुरता तर न्यायचा आहे,” म्हणाली आणि मला गाठोड्यात कोंबून मोकळी झाली. ती इंटरला रसायनशास्त्र शिकलेली होती. सासूने सांगितलेलं तिला आधीच ठाऊक होतं, म्हणूनच ते तिच्या मनात राहिलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. माझ्या गळ्याला आटे आहेत आणि झाकण फिरवून बसवलं की मी आडवा पडलो तरी थेंब सांडत नाही. भंडाऱ्याच्या एका कासाराने मला घडवलं, सेलूच्या बाजारात धुरपताबाईने मला निवडलं. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा लेप देतात, ती कल्हई. ती झिजली आणि आत काही आंबट राहिलं, की पितळ त्यात उतरतं, पदार्थ कळकतो. चव किळसवाणी होते आणि पोटात गेला तर विष. स्वतःबद्दल हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

एके काळी माझं फार कौतुक होतं. छप्पन्न साली दसऱ्याला धुरपताबाई मला घेऊन नागपूरला दीक्षेला गेली. त्या गर्दीत माझ्यातलं पाणी ओळखीचे, अनोळखी सगळे प्याले. कोणी कोणाला जात विचारली नाही. परत आल्यावर तिने मला चिंच लावून असं घासलं की मी सोन्याचा वाटू लागलो. बाहेरून सगळे घासत. आत कोणी हात घालत नसे, कारण माझा गळा अरुंद आहे.

धुरपताबाईचा मुलगा प्रेमदास वर्ध्याला शाळामास्तर होता. सत्तावन्न साली तो कमलेला घेऊन नेपाळात लुंबिनीला जाऊन आला. तेव्हा माझ्यात पाणीच होतं, काही बिघडलं नाही. पुढच्या वर्षी त्याने सिलोनची तयारी केली. आता सोबत सात महिन्यांचा श्रावण होता, अंगावर पिणारा. प्रेमदासने कोणत्या दिवशी काय पाहायचं याचा कागद केला होता. आमच्या गावची, रोहण्याची माणसं वाट पाहून राह्यली, सगळं पाहून सांगीन, असं तो गाडीत भेटेल त्याला सांगे.

धनुष्कोडीहून बोटीने समुद्र ओलांडला. बोटीत कोणी ओकलं होतं, त्यात मी गडगडत गेलो. कमलेने पदर नाकाला लावून मला उचललं, दोनदा धुतलं. बाहेरूनच.

पहिला दिवस अनुराधपूरचा. सकाळी बाजारात मातीच्या गाडग्यांतून म्हशीचं दही विकायला होतं. खोबरेल तेलातल्या जेवणाला विटलेला प्रेमदास ते पाहून हरखला.

“कमला, मठ्ठा करू! या तांब्यात दही, पाणी, मीठ. रवी कायले पाह्यजे? बसच घुसळते!”

“लोक काय म्हणतील?”

“त्याईले काय समजते! म्हणतील, मास्तर देवाचं पाणी घेऊन चालला.”

कमला हसली. मीही बसमध्ये हिंदकळत हसलो असेन, काय सांगू! उतरल्यावर त्याने पेलाभर ताजा मठ्ठा घेतला आणि वाहवा केली. उरलेला कमलेसाठी ठेवला. मग बोधिवृक्ष झाला, स्तूप झाले. प्रेमदास पुढे, बाळाला कडेवर घेऊन कमला मागे, आणि तिच्या पिशवीत उन्हाने तापलेला मी. दुपारी तीनला तिने झाकण उघडलं. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

“कसंतरी लागतं हो.”

“इथच्या म्हशी वेगळ्या. पिऊन घे, अंगावर दूध पाजतेस.”

ती प्याली. संध्याकाळी विश्रामशाळेच्या मोरीत ती ओकत बसली. मला तिथेच कोपऱ्यात ठेवलं होतं. तो वास मी ओळखला. तो माझाच होता.

आमच्या वर्ध्याकडे पोट बिघडलं की काय देतात? मठ्ठा. पोटाला थंड. प्रेमदासने दुसऱ्या दिवशी पहाटेच दही आणलं, प्रेमाने जिरं घातलं, माझी फिरकी घट्ट आवळली. मिहिंतलेच्या डोंगराच्या पायथ्याशी कमला म्हणाली, “मी इथेच बसते. तुम्ही जाऊन या.” तो शेकडो पायऱ्या चढून गेला. ती झाडाखाली बसून औषध म्हणून मला तोंडाला लावत होती. जेवढी ओके, तेवढी परत पिई. माझ्या पोटात हिरवा बुळबुळीत थर धरला होता. तांब्याला ओकता येत नाही, मित्रांनो. आलं असतं तर मी पहिल्याच दिवशी स्वतःला रिकामा केला असता.

श्रावण चोखायचा, सोडायचा, रडायचा. तिचं दूध आटत चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दंबुल्लाची लेणी होती. प्रेमदास जोडे घालून दारात उभा राहिला. मी भरलेला, खाटेशेजारी.

“बरी हायेस ना?”

“हो. बरी आहे.”

“पोराले बी घोटभर पाजजो. थंड राह्यते.”

कमला ओठ चाटत पडली होती, डोळे आत गेले होते. तो तीन पावलं पुढे आला असता तर त्याला दिसलं असतं. पण बसची वेळ झाली होती. मला त्याच्या त्या कागदाची शिसारी आली.

दुपारी श्रावण रडून रडून नुसता कण्हू लागला. कमला उठली, मला वाटीवर कलंडवलं. बाळाच्या ओठांपाशी वाटी नेली आणि तिचा हात थांबला. पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत मठ्ठा निळसर दिसत होता. तीन दिवस ती तांब्यातूनच पीत आली होती, रंग पाहिलाच नव्हता. तिने मला खिडकीच्या उजेडात धरून आत डोकावलं.

“अगं आई गं,” ती म्हणाली. सासूलाच हाक मारली असावी. मग मला तिने भिंतीवर असं आपटलं की माझी कूस चेपली. मला राग आला नाही. कोणीतरी मला फेकलं, याचं बरंच वाटलं.

आवाजाने विश्रामशाळा झाडणारी म्हातारी आली. एकमेकींची भाषा कळेना. कमलेने वाटी दाखवली, बाळ दाखवलं. म्हातारीने वाटी हुंगली, थुंकली, आणि धावत जाऊन डॉक्टरला घेऊन आली. बाळाला शेजारच्या बाळंतिणीने पाजलं.

प्रेमदास अंधार पडता आला. दारातूनच लेण्यांचं सांगू लागला, आणि मग त्याला खाटेपाशी डॉक्टर दिसला.

“मले काऊन नाई सांगतलं तू? मी रोज इचारत होतो!”

“दारातून विचारत होता,” कमला म्हणाली. “जोडे घालून विचारलं की माणूस ‘बरी आहे’ असंच म्हणतं.”

त्याने जोडे काढले, जवळ बसून तिच्या कपाळावर हात ठेवला. कागदावरची कँडी राहून गेली. आठ दिवस ते तिथेच होते. पाचव्या दिवशी श्रावण आईच्या अंगावर पोटभर प्याला, तेव्हा प्रेमदास बाहेर जाऊन रडला.

आता मी रोहण्याच्या घरात माळ्यावर पडून आहे. मला वर्षातून एकदा कल्हई करा, आतून घासा, हे तर मी म्हणेनच. जुन्या भांड्याने एवढं मागावं. पण माझं खरं मागणं दुसरं आहे. मित्रांनो, तुमच्या घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं पिणारी, कोणी विचारलं की “बरी आहे” म्हणणारी एक बाई असेल. पुस्तक खाली ठेवा. उठा, ती असेल तिथे जा, अगदी जवळ. तिच्या कपाळाला हात लावा, आणि मग विचारा.