जोडाखालची फूट

सफरचंदात चार बिया – काळ्याभोर, पक्क्या. म्हणजे फळ पिकलं होतं. घाईनं तोडलं, असं म्हणायची सोयही उरली नव्हती. बाल्झाननं दुसरी फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले, थांबली... पाणी. गोडसर पाणी, बस्. नवरा, येर्मेक, म्हणायचा – आधी आंबट झोंबतं, मग मध, आणि गिळल्यावर मागं रानपुदिन्याचा वास रेंगाळतो. तालगारच्या डोंगरात मेंढरांमागं हिंडताना त्याच्या वडलांना सापडलेलं झाड. म्हणून फळाला त्यानं वडलांचंच नाव दिलं. त्याच्या वहीत वर ते नाव, खाली रकाने : साल, गर, रस, चव. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. एकतीस वर्षांत बाल्झाननं ते ओठांवर काय, मनातही आणलं नव्हतं. ती म्हणायची, आपलं ते झाड.

डोंगरातलं मूळ झाड रस्त्यात गेलं. त्याच्या काडीचं हे एकच कलम परसात उरलं, आणि ते बांधणारा येर्मेक दुसऱ्याच वर्षी गेला...

ती झाडापाशी जाऊन बसली. बुंध्याचं गवत उपटलं, माती खरवडली – आणि बोटं थांबली. जिला सात उन्हाळे पाणी घातलं ती फांदी कलमाच्या जोडाखालून, नुसत्या मुळांसाठी लावलेल्या खुंटातून फुटलेली. जोडाच्या वर बोटभर थोटूक. करवतीनं सपाट कापलेलं. तिनंच.

येर्मेकनंतरचा पहिला हिवाळा... वरची काडी काळवंडली, खालून जोमदार फूट आली, वाटलं, झाड वाचलं! मग वाळलेलं कापून टाकलं – वाळलेलंच होतं ना? वाळक्या लाकडाचा भुसा उडून जातो. हा तर तळहाताला चिकटला होता, ओला. का चिकटला होता गं, बाल्झान? मी हात झग्याला पुसले, एवढंच आठवतं मला...

"सूनबाई!" अंगणातल्या लाकडी बैठकीवरून मामंजींची हाक. "माझं सफरचंद आणतेस, की उरलेले दोन दात पडायची वाट बघतेस?"

"आणते, मामंजी. दोन दातांना घाई बघा केवढी!"

तिनं चमच्यानं गर खरवडून भरवला. मामंजी चघळत राहिले, डोळे डोंगराकडं.

"मामंजी, हे आपलं ते..." वाक्य नेहमीसारखंच नावापाशी अडलं. पुढचं 'नव्हे' राहिलं; तिनं पुन्हा चमच्यात गर खरवडला.

"तेच," मामंजी म्हणाले. "तेच गं. येर्मेकचा हात चांगला होता."

"आणखी देऊ?"

"नको. पोट भरलं."

एका चमच्यात? त्यांना फरक कळला होता, का ते चवच विसरले होते – यातलं कमी वाईट कुठलं, ते तिला ठरवता येईना.

तिनं वही उघडली. चवीचा रकाना कोरा, परसातल्या पहिल्या फळासाठी राखलेला. वरचं नाव तिनं पहिल्यांदाच मनातल्या मनात वाचलं, सावकाश, अक्षर न् अक्षर. काहीच झालं नाही. तळहात तेवढा चिकटत होता.