सुगराबीच्या तीन कोंबड्या

“आपा, ह्याच्या पोटाखाली हात घालून बगा की.”

बजाबाईनं आपला कोंबडा बगलेत दाबून धरला होता. एरवी अख्ख्या गल्लीवर गुरगुरणारा हा प्राणी, नाव फौजदार, पण आज त्याची शेपूट झिजलेल्या खराट्यासारखी झाली होती. सुगराबीनं हात घातला. मोतीबिंदूमुळं तिला दिसत काही नव्हतं, पण चाळीस वर्षं बिड्या वळलेल्या बोटांना डोळे लागत नाहीत. पिसांच्या बुडाशी काहीतरी वळवळलं आणि तिच्या मनगटावर चढलं.

“उवा हायत,” ती म्हणाली.

“माझ्या सातीच्या साती खाजवायल्यात. ढोरांच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणला, नवी कोंबडी आणली की तीन-चार आठवडे येगळी ठिवायची असती.”

एवढं बोलून बजाबाई गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. तासाभरानं तिनं दोन घरांच्या मधल्या अंगणात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जुनं लुगडं आडवं बांधलं आणि त्याच्या खालच्या काठावर विटा ठेवल्या.

आता ह्यात सुगराबीचं चुकलं काय होतं? आधी शहरात एका बोळात आणि मग इथं कुंभारीच्या कामगार वसाहतीत शेजारी शेजारी, असं ह्या दोघींचं अख्खं आयुष्य गेलेलं. एकीच्या घरात नवं काही आलं, मग ती सून असो की शेळी, की दिवेलागणीच्या आत ते दुसरीच्या उंबऱ्यावर जायचं. नव्यानं आलेल्याला एकटं ठेवायचं म्हणजे पाप, असंच दोघी मानत आल्या. तीन कोंबड्या आल्या तशा सुगराबीनं त्या पहिल्याच संध्याकाळी बजाबाईच्या खुराड्यात नेऊन सोडल्या. मायेनं सोडल्या हो. आणि मायेनंच घात केला.

कोंबड्या आणल्या होत्या तिच्या नवऱ्यानं, चांदसाबनं. म्हातारा जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसलेला. कुठल्याशा अंड्यांच्या फार्मवर जुन्या कोंबड्या काढून टाकत होते, तिथून तो तीन घेऊन आला. माना उघड्या, पाठी लाल, कातडीवर खपल्या.

“रस्सा कर झणझणीत,” तो म्हणाला होता.

“अंगावर पिसं येईपातूर सुरीला हात लावायचा न्हाई,” सुगराबीनं सांगून टाकलं.

“ह्यांच्या अंगावर पिसं? त्यापरीस माझ्या टकलावर केस येतील की.”

वसाहत हसली. हसू दे. डोळे गेले तसं गेल्या दिवाळीला सुगराबीचं बिडीचं काम सुटलं होतं, आणि मांडीवर बिड्या वळायचं सूप नाही म्हटल्यावर हात कुठं ठेवावेत तेच तिला कळत नव्हतं. कोंबड्या आल्या आणि हातांना काम मिळालं. त्याच कोंबड्यांपायी बजाबाई तुटली. आठ दिवस लुगड्यापलीकडून नुसता कात्रीचा आवाज यायचा, बिडीची पानं कापल्याचा. हाक एकदाही आली नाही. सुगराबीला जेवण जाईना.

नवव्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की आपल्या कोंबड्या आपणच बऱ्या करायच्या आणि मग ताठ मानेनं लुगड्यापलीकडं जायचं. बिडीवालीच्या घरी उवांवर एकच औषध. फडताळातल्या डब्यात जुन्या तंबाखूची भुकटी होती. ती तिनं मूठमूठ घेऊन कोंबड्यांच्या अंगावर चोळली. दोघी अंग झाडून पळाल्या. तिसरी सगळ्यात सोललेली, तिच्या पाठीवर ओल्या जखमा. त्या सुगराबीला दिसल्या नाहीत, आणि घाईत बोटांनीही सांगितल्या नाहीत. घडीभरात कोंबडीनं मान टाकली. पाय लटपटले, चोचीतून लाळ गळायला लागली.

“बजे!” सुगराबी ओरडली. “बजे, मी मारली गं हिला!”

लुगड्याच्या विटा धडाधड पडल्या. बजाबाई आली, खाली बसली, कोंबडीचा वास घेतला.

“तंबाखू चढलीया हिला. कोमट पाणी आना, आपा. आन गूळ.”

बजाबाईनं कोंबडीला परातीत धुतलं, दोनदा पाणी बदलून. मग गुळाचं पाणी बोटानं थेंबथेंब चोचीशी लावत राहिली. सुगराबी बघत होती, म्हणजे डोळ्यांपुढं जे धुकं होतं त्यात बघत होती. सोळा वर्षांची नवी नवरी बजाबाई पहिल्याच दिवशी तंबाखूच्या वासानं सुपावर कोसळली होती, तेव्हा सुगराबीनंच तिचं तोंड धुऊन गुळाचा खडा दातांत सरकवला होता.

“तुला ध्यानात हाय व्हय?”

“ऱ्हातंय की,” बजाबाई म्हणाली. “आठ दिस हाक मारायची हुती. तोंडच हुईना.”

दुपार कलताना कोंबडी उभी राहिली, चार पावलं वेडीवाकडी चालली आणि चांदसाबच्या चपलेवर घाण करून बसली.

“जगली,” चांदसाब म्हणाला आणि मुकाट चुना कालवायला लागला.

मग दोन्ही घरांनी मिळून काम काढलं. चांदसाबनं खुराड्याच्या फटीफटीत चुना भरला. दवाखान्यातली पावडर आणली. फुटक्या घमेल्यात चुलीची राख आणि माती कालवून ठेवली, त्यात दहा कोंबड्या आणि एक फौजदार आळीपाळीनं लोळायला लागले. रोज सकाळी सुगराबी एकेक कोंबडी मांडीवर धरायची आणि बजाबाई तिची पिसं उलटून बघायची. लुगडं काढलं होतं. त्याच्याच चिंध्या करून खुराड्यात अंथरल्या.

दीडेक महिना गेला असेल. त्या तिसरीला मांडीवर घेऊन सुगराबी बसली होती.

“आपा, पिसांचं कोंब फुटल्यात हिला. मानंवर, पाठीवर, समदीकडं.”

“माझं मन राखायला म्हणायलीस.”

“मी कवा खोटं बोलले तुमच्याशी?”

सुगराबीनं कोंबडीच्या पाठीवरून हात काढला.

“शेवटची दोन वर्सं माझ्या बिड्या वाकड्या यायच्या. कारखान्यात तपासणीला जायच्या आदी तू माझ्यातल्या वाकड्या सोताकडं घिऊन तुझ्यातल्या चांगल्या घालायचीस, आन तपासणीत तुझ्या बिड्या फेकल्या जायच्या. मला म्हाईत हुतं, बजे. काम सुटू ने म्हनून गप ऱ्हायले. लई लाज वाटायची.”

 कोंबडी कुरकुरली. मग बजाबाईनं सुगराबीचं बोट धरलं, तंबाखूनं कायमचं पिवळं झालेलं, आणि कोंबडीच्या मानेवर उलट्या बाजूनं हळू फिरवलं.

बोटाला टोचलं.

“आता सांगा,” बजाबाई म्हणाली.

सुगराबीनं बोट तिथंच ठेवलं. बराच वेळ.