हेडलीची फुप्फुसं

एफीनं शेगडी बंद केली, तव्यावरचा खारवलेला मासा तसाच ठेवला आणि हेडलीचा कोट खुंटीवरून ओढला.

"ऊठ. फुप्फुसं मिळालीत म्हणे. लगेच बोलावलंय."

हेडली खिडकीशी बसला होता. नाकातल्या नळीतून प्राणवायू येत होता, तरी एकेका शब्दासाठी त्याला दम गोळा करावा लागे.

"मी... नाही येत."

"का?"

"दोनदा... गेलो. दोनदा... परत."

खरंच होतं ते. दोन्ही वेळा कपडे बदलून, सुया टोचून घेऊन तो तयार झाला होता आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी येऊन सांगितलं होतं, दात्याची फुप्फुसं चालण्यासारखी नाहीत. दुसऱ्या खेपेनंतर तर तो भिंतीकडे तोंड करून नुसता पडून राहिला होता.

"बरं," त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत एफी म्हणाली, "मग मर इथंच. पण या टोरांटोत माझ्या ओळखीचं कुणी नाही. तुझी शवपेटी उचलायला माणसं कुठून आणू?"

हेडलीला हसू आलं आणि हसण्यापाठोपाठ खोकला. खोकला थांबेपर्यंत तिनं त्याचे हात कोटात घातले होते.

न्यूफाउंडलंडजवळच्या छोट्या बेटावरून दोघं इथं आली त्याला वर्ष उलटलं होतं. फुप्फुसं बदलून हवीत तर रुग्णालयाच्या जवळ राहायचं आणि सोबतीला एक हक्काचं माणूस हवं, अशी अट होती. मुलगी तिकडे दूर आल्बर्टा प्रांतात, दिवस भरत आलेली. त्याचा भाऊ सेल्बी खेकडे पकडणाऱ्या बोटीवर. तेव्हा एफी म्हणाली, मी जाते. हेडलीला सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. गावात कुजबुज झाली. "पटेना म्हणून सोडला त्याला," ती दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गुदमरून मरावा म्हणून नाही."

रुग्णालयात डॉक्टर रेझवानी आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. उभ्या उभ्या बोलल्या नाहीत, तेव्हा एफीनं हेडलीचा कोट पुन्हा हातात घेतला.

"फुप्फुसं आली आहेत. पण थोडं पाणी धरलंय त्यांनी."

हेडलीनं डोळे मिटून घेतले.

"ऐकून तर घ्या, मिस्टर पार्डी. पूर्वी अशी फुप्फुसं आम्ही सरळ नाकारायचो. आता ती काचेच्या झाकणाखाली यंत्रावर ठेवलीत. त्यांच्यातून औषधी द्राव फिरतोय, हवा आत-बाहेर होतेय. सुधारली तर तुमची. काही तास थांबावं लागेल."

"म्हणजे... आत्ता श्वास... घेतायत? माणसाशिवाय?"

"घेतायत."

"मग माझ्यापेक्षा... बरा घेत असतील."

डॉक्टर हसल्या. "हे ऑपरेशन पहिल्यांदा जमलं ते याच शहरात. त्याआधी जगभर कितीतरी जणांवर करून पाहिलं होतं, फार दिवस कुणी टिकलं नाही. थांबायची सवय आहे आम्हाला."

त्या गेल्या.

"कुणाच्या तरी घरी... आज रडत असतील," हेडली म्हणाला.

एफीनं मान हलवली आणि त्याचं पांघरूण उगाचच सारखं केलं.

"जगलो तर... तू जा. तुझ्या घरी. दया म्हणून... राहू नकोस."

"राहतंय कोण?" ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, अजून तू माझ्या चहात न विचारता साखर घालतोस."

त्याचा चेहरा सैल झाला. तिचाही. वर्षभर ‘बरा झाल्यावर पुढं काय’ हा प्रश्न दोघांच्या मध्ये बसून होता आणि कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

डॉक्टर परतल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर ऑपरेशनची टोपी होती. "चला," एवढंच म्हणाल्या. खाट दाराबाहेर गेली आणि एफी रिकाम्या जागेत खाली जमिनीवरच बसली.

ऑपरेशनला काही दिवस झाल्यावर, घशातली श्वासाची नळी काढल्यानंतर नर्सनं त्याला काहीतरी बोलून पाहा म्हणून सांगितलं. हेडलीचा आवाज घोगरा येत होता.

"एफी, पलीकडच्या खोलीतला म्हातारा दिवसभर टीव्हीवर हॉकी लावून ठेवतो आणि आपला संघ हरायला लागला की मलाच शिव्या घालतो, त्याला जरा सांग."

वाक्य संपलं तरी दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मध्ये तो कुठंच थांबला नव्हता. "सांगते," एफी कशीबशी म्हणाली आणि बाहेर जाऊन नाक शिंकरून आली.

तपासण्या संपून परतायला उन्हाळा लागला. फेरीबोट बेटाला टेकली तेव्हा सेल्बी धक्क्यावर गाडी घेऊन उभा होता. हेडली कुणाचा हात न धरता गाडीत चढला. त्याचं घर दुसऱ्या टोकाच्या खाडीवर होतं. एफीचं धक्क्याच्या वरच, चढावर.

"सोडू वरपर्यंत?" हेडलीनं काच खाली करून विचारलं.

"नको. गोळ्या वेळेवर घे."

"बायको आहेस का माझी, हुकूम सोडायला?"

"देवाची कृपा, नाही!"

हेडली मोठ्यानं हसला, अगदी पोट धरून. सेल्बीला कुठं बघावं कळेना. त्यानं गाडी सुरू केली.

एफी पिशवी उचलून चढ चढू लागली. थोडं गेल्यावर ती वर्षभराच्या सवयीनं थांबली, मागं वळली आणि मागच्याला दम घेऊ द्यावा तशी उभी राहिली.

खाली रस्ता रिकामा होता. समुद्रावरून वारा येत होता.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती झपाझप, एका दमात, दारापर्यंत गेली.