बंदीच्या गावातली किटली

मित्रांनो, मी दुधाची जुनी किटली आहे. पोटात वीस लिटर मावतात, कानाशी एक पोचा आहे आणि हिशेब तोंडपाठ आहे. कोणाच्या म्हशीनं किती दूध दिलं आणि घरधन्यानं त्यात किती पाणी घातलं, हे दोन्ही मला कळतं. बोलत नाही, एवढंच.

एक्क्याण्णव साली नारायणगावच्या बाजारातून म्हस्कूनं मला सायकलला बांधून पिंपरी पेंढारजवळच्या वाडीत आणलं. त्याच्या बापाची मेंढरं होती; म्हस्कूनं दोन म्हशी घेतल्या. सकाळी वाडीचं दूध घेऊन आम्ही डेअरीत जायचो आणि रिकामे परतायचो. मग त्याची बायको सारजाबाई मला राखेनं घासायची आणि शेजारणींना सांगायची, "किटली बगा माजी, तोंड दिसतंय!" तेवढ्या कौतुकावर मी दहा-बारा वर्षं काढली.

वाटेवर देशी दारूचं दुकान होतं. म्हस्कूचा धाकटा भाऊ जानकू तिथं रोज एक क्वार्टर प्यायचा, सगळ्यांदेखत. दुसरी मागितली की दुकानदारच म्हणायचा, "बास राव, घरी जा." पुढे बायकांनी मतदान मागितलं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. म्हातारी साळुबाई म्हणाली, "दुकान घालवशीला गं, पन ह्यांचा घसा कुटं घालवशीला?" सारजाबाईनं ऐकलं नाही. घरोघर फिरून तिनं बाटली आडवी केली. दुकानाला कुलूप लागलं, साखर वाटली, आणि ठरलं की जो दारू पिताना किंवा आणताना सापडेल त्याचं नाव पंचायतीच्या फळ्यावर लिहायचं.

दोन महिने फळा कोरा राहिला. मग म्हस्कूच्या मनात आलं, परतताना किटली रिकामी कशाला आणायची? ओढ्यापलीकडे एक जण हातभट्टीची विकत होता. तेव्हापासून मी सकाळी दूध न्यायची आणि दुपारी दारू आणायची. वास राहू नये म्हणून म्हस्कू स्वतः मला घासू लागला. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं तो किटली घासतो, तर सारजाबाईला शंका यावी ना? छे! "बंदी झाली आन् आमचं मानूस सुधारलं," म्हणत तिनं महिला मंडळाकडून त्याला शाल-नारळ देववला. टाळ्या वाजवणाऱ्या तेवीस जणी होत्या. त्यांतल्या नऊ जणींचे नवरे माझं गिऱ्हाईक.

जानकूला आता 'बास' म्हणणारं कोणी नव्हतं; एका रात्री तो माझ्यातली इतरांच्या तिप्पट प्यायला. दुसऱ्या दुपारी तो अंगणात ओकला आणि चाचपडत म्हणाला, "वैनी, समदं पांडरंच दिसतंय गं." सारजाबाईनं त्याला जीपमध्ये घातलं. वाटेत म्हस्कू भेटला, तोही चढला. मला रस्त्यावर सोडायची सोय नव्हती, कारण मी भरलेली होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय प्यायलाय हा?"

"काय बी न्हाई. आमच्या गावात बंदी हाय," सारजाबाई ताठ मानेनं म्हणाली. "शिळं कालवण आसंल."

"नीट सांगा बाई. विषारी दारू असेल तर उपचार वेगळा. उशीर झाला तर डोळे जातील, जीवही जाईल."

जानकूनं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर फळ्यावर भावाचं नाव लागलं असतं. म्हस्कूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग मला टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं.

"कालची ह्यातलीच व्हती, डाक्टर."

खोलीभर वास पसरला. सारजाबाईनं आत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "आवो, शाल दिली व्हती मी तुमाला! डाक्टर, आदी ह्याला वाचवा. ह्यांच्याकडं मी घरी बगते."

डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले आणि चिठ्ठी देऊन जानकूला पुण्याला पाठवलं. मला गटारीवर उपडं केलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

वाडीत बायकांचं भांडण जुंपलं. काही म्हणाल्या, त्यापेक्षा दुकानच बरं. सारजाबाईनं बाटली आडवीच ठेवली, पण नावं लिहायचा फळा मात्र उतरवला. त्या आठवड्यात नऊपैकी चौघे आपण होऊन बायकोशी खरं बोलले. उरलेल्या पाचांची नावं मला ठाऊक आहेत.

नवव्या दिवशी जानकू घरी आला. सारजाबाईनं त्याच्यापुढे हात धरला. "किती बोटं हायेत, सांग."

"तीन," जानकू म्हणाला. "आन् एकाला मिश्री लागलीया, वैनी."

बिचारीनं हात पदराआड लपवला आणि हसता हसता रडली.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी चोरून काही घेत असेल तर भांडा, ओरडा. पण तो आजारी पडला, तर त्याला खरं सांगायची भीती वाटू देऊ नका.