वावरातलं अद्रकीचं पाणी

सदाशिवरावांच्या वावरात कपाशीवर औषधाचा फवारा असला की मजुरांसाठी घरून अद्रकीचं पाणी येई. राळेगाव तालुक्यात अशी सोय दुसरं कुणी करत नाही, हे त्यांच्या पत्नी वच्छलाबाई दर फवाऱ्याला सांगत. अद्रक त्या स्वतः ठेचत, पाणी अर्धं होईस्तोवर उकळत, गूळ न् चिमूटभर मीठ टाकत, आणि किटलीही स्वतःच वावरात आणत. पुण्य दुसऱ्याच्या हाती पाठवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

फक्त पेले येत नसत. वावरात कप फुटतात, असं बाईंचं म्हणणं. स्टीलचेही फुटत असावेत. फवाऱ्याला येणारा बौद्धपुऱ्यातला भीमराज उकिडवा बसून ओंजळ धरे आणि बाई हातभर उंचावरून धार सोडत.

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी पोखरली होती, फवाऱ्याला खंड नव्हता. भीमराजला वावरात उलट्या होऊ लागल्या, डोळ्यांपुढे धुकं येऊ लागलं. पित्त असेल, असं सदाशिवरावांनी ठरवलं. बाईंनी अद्रक वाढवली. उलट्या वाढल्या, तशी आणखी वाढवली.

त्याची बायको कांताबाई घरीही तेच पाणी करून त्याला देई. घरचं पोटात राही, वावरातलं बाहेर येई. तिनं आधी गुळाला दोष दिला, मग बाजारातल्या अद्रकीला, मग भीमराजच्या आतड्यांना.

एका दुपारी ती भाकर घेऊन गेली, तेव्हा भीमराज पिपात औषध कालवत होता, कोपरापर्यंत हात घालून. कालवायची काडी मोडली होती, आणि हातमोजे औषधाच्या डब्यावरच्या चित्रात होते. तेवढ्यात बाईंची हाक आली. पिपातलं पाणी औषधासाठी. हात धुण्यात ते नासायचं नाही, असा मालकांचा दंडक. भीमराजनं हात पँटला पुसले आणि ओंजळ धरली.

ती ओंजळ कांताबाईनं जन्मभर पाहिली होती, आईची, स्वतःची. आज त्या ओंजळीतलं पाणी तिला पांढरट दिसलं. तिनं नवऱ्याची मनगटं धरून हात दोन बाजूंना ओढले. धार मातीत गेली.

"सांडलं ना वो," बाई म्हणाल्या. "काय झालं तुले?"

"इख पाजून राह्यल्या तुमी त्याले. त्याच्याच हातानं."

"मी उन्हातानात अद्रकीचं पाणी आणून राह्यली, अन् तू इख म्हणते?"

"मंग तुमचे हात साफ हायेत, बाई. तुमी ओंजय धरा, मी वतते. तो पिईन."

वच्छलाबाईंनी किटली पोटाशी धरली. बांधावरून सदाशिवरावांनी, उद्यापासून दोघंही येऊ नका, असं सांगून टाकलं. कांताबाईनं किटली ओढून घेतली, कोमट पाणी भीमराजच्या हातांवर ओतलं, माती लावून बोटाबोटांमधून चोळलं आणि उरलेलं ओतून हात धुतले. एवढ्या वर्षांत त्या पाण्याचा झालेला हा पहिला उपयोग.

"किटली शिवली तुनं," बाई म्हणाल्या. विषाच्या आरोपापेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं.

"शिवली. आता तुमच्या कामाची नाई. मी नेते."

तिनं भीमराजला भाड्याच्या जीपमध्ये घालून राळेगावच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन लागली. डॉक्टरांनी घोटभर काही प्यायला द्या म्हटल्यावर तिनं समोरच्या टपरीवर किटलीत पाणी भरून घेतलं आणि काचेचा गिलास मागून आणला. भीमराजनं दोनदा पाणी घेतलं, दोन्ही वेळा पोटात राहिलं.

गिलास फुटला नाही.