डोमाचं शेवटचं कडवं

डोमा ढिवराला तलावात डोंगा हाकता येई, जाळं विणता येई आणि गाणी जुळवता येत. वाचण्याच्या नावानं मात्र आनंदीआनंद होता. मूल या बाजारगावाच्या अलीकडे तलावाकाठी त्याची वस्ती. धान निघालं की गावात दंडारीचा, म्हणजे नाचगाण्याचा, खेळ होई, त्यात गाणी डोमाचीच, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी ‘डोमा म्हणे’ ठरलेलं. ही काही नुसती हौस नव्हती. त्याचा बाप मनसाराम त्याच्याहून सरस गाणी जुळवायचा, पण गाण्यात स्वतःचं नाव घालायला लाजायचा. बाप गेला आणि दोन वर्षांत ती सगळी गाणी जिवतीकडच्या गाणाऱ्या लटारूच्या नावावर जमा झाली. लटारूला ताल कळत नव्हता, पण लाजही ठाऊक नव्हती.

चौपन्न सालच्या नाताळाआधी गावातल्या मिशनच्या देवळात उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला. पाळक शमुवेल ओहोळ, मूळचे नगरचे, डोक्याला हात लावून बसले. नागपूरहून बडे साहेब येणार होते, नव्या गीतपुस्तकासाठी इकडची गाणी निवडायला. आणि ओहोळांची मंडळी म्हणजे चार घरं, तीही विलायती चाली म्हणताना मध्येच जांभया देणारी. ओहोळ गाणं मागायला डोमाकडे आले. ओहोळबाईंनी आदल्या वर्षी डोमाच्या बायकोला, गोकुळाला, विषमज्वरातून ओढून काढलं होतं. नाही कसं म्हणणार?

दोन दिवसांत डोमानं नाताळच्या बाळराजाचं गाणं जुळवलं. शेवटचं कडवं असं होतं:

डोमा म्हणे, राजा, बस माह्या डोंग्यात,
तुले पार नेतो, पाय नको चिखलात.

ओहोळांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यांनी पेन्सिल घेतली आणि नेमकं तेच कडवं खोडलं.

“पाद्रीबाबा, माह्यं नाव काऊन काटलं?”

“डोमाभाऊ, गीत देवाचं असतं,” ओहोळ म्हणाले, आणि त्यांनी इतिहासच सुरू केला. कुण्या खलाशानं वादळातून वाचल्यावर गीत लिहिलं, कुण्या आंधळ्या बाईनं हजारो रचली. “पण एकानंही गीतात नाव घातलं नाही. नाव गीताखाली छापतात, बारीक अक्षरात.”

“त्या आंधळ्या बाईले बारीक अक्षर दिसलं का?”

ओहोळांच्या इतिहासात तशी नोंद नव्हती.

“आमच्या गावात वाचते कोण, बाबा? गाण्यातलं नाव लोकाइच्या तोंडात राह्यते. कागदावरचं नाव उंदीर खाते, तुमच्या पेटीवानी.”

“हा अहंकार झाला, डोमाभाऊ.”

डोमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गोकुळा आठवली. “ठीक हाय. पण मुखरूभाऊ थांबणार नाई, सांगून ठेवतो.”

ओहोळांना वाटलं, रुसून बोलतोय.

मुखरू हा सत्तरीचा ढोलकीवाला. पेटी गेल्यामुळे त्यालाच बोलावलं होतं. त्याच्या गुरूनं त्याला एकच नियम शिकवला होता: नाव आलं की गाणं संपलं. नाव येण्याआधी हात थांबवणं म्हणजे कवीच्या थोबाडीत मारणं.

नाताळच्या सकाळी देऊळ गच्च भरलं. दंडार समजून अर्धं गाव खिडक्यांना लटकलं होतं. गाणं उठलं, बडे साहेब खूश. तीन कडवी झाली. ओहोळांनी थांबण्यासाठी हात वर केला. मुखरूला वाटलं शाबासकी, त्यानं लय वाढवली. लोक पुन्हा पहिल्या कडव्यावर आले.

दुसरा फेरा झाला, चौथा झाला. ओहोळ ओरडले, “आमेन!” मुखरूनं आदरानं मान डोलावली, पण आमेन नावाचा कवी त्याच्या ऐकण्यात नव्हता. सातव्या फेऱ्याला बड्या साहेबांची टाळी बंद पडली. अकराव्याला ते भिंतीला टेकले. वाजवून वाजवून मुखरूची बोटं सुजली, तरी तो नावाची वाट बघत होता.

ओहोळ घामाघूम होऊन डोमापाशी आले. आवाज पार बसला होता. “थांबवा हो याला!”

“मी कसा थांबवू? नाव तुमी काटलं. तुमीच घ्या.”

ओहोळ पुन्हा पुढे गेले, डोळे मिटले आणि गायले, “डोमा म्हणे...”

मुखरूचा चेहरा उजळला. शेवटची थाप द्यायला त्यानं हात उचलला. तेवढ्यात डोमाच उभा राहिला.

“थांब मुखरूभाऊ! पुरं नाव येऊ दे. बापाचं राह्यलं!”

ढोलकी पुन्हा सुरू. बडे साहेब हताश होऊन खाली बसले. ओहोळांनी दोन्ही हात जोडले आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हटलं, “मनसारामाचा डोमा म्हणे, राजा, बस माह्या डोंग्यात...”

धाड्! एकच थाप, आणि सगळं शांत. डोमा खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसून ढसाढसा रडला. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्याचं नाव पहिल्यांदाच गाण्यात आलं होतं.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. गाणं त्यात अख्खं होतं, आणि खाली बारीक अक्षरात सूचना: ‘शेवटचं कडवं कोणत्याही कारणानं गाळू नये.’

गाणं मूलच्या बाजारात गेलं, तिथून जिवतीला. सवयीप्रमाणे लटारूनं ते उचललं, डोमाला काढलं आणि स्वतःला घातलं. पण ‘मनसारामाचा’ काढलं की चाल लंगडी पडे, म्हणून ते ठेवलं. भर बाजारात छाती फुगवून तो गायला, “मनसारामाचा लटारू म्हणे!”

हे कानावर आलं तेव्हा डोमा तलावात होता. हसता हसता त्याचा डोंगा पालथा झाला.

“म्हणू दे, म्हणू दे,” पाण्यातून डोकं काढून तो म्हणाला. “बापाची गाणी खाल्ली, आता बापाले बाप तरी म्हणून राह्यला!”